नव्या गाडीत स्क्रीन मोठा झाला, सोयी मात्र गेल्या : काय परत आणता येतं?

झिरोमाइल

राजेहो, हा धागा एकाच कारणासाठी काढतो आहे. त्याच मॉडेलची जुनी पिढी ८ इंची स्क्रीनची होती, नव्या पिढीत १०.२५ इंची आला. ब्रोशरवर तोच मोठ्या अक्षरांत छापलाय. पण दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून एकेक मेन्यू ताडून पाहिला, तर कमी झालेल्या गोष्टींचीच यादी लांब निघते.

अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनवरचा नकाशा आणि गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय, जुन्यात बिनवायरची होती, नव्यात केबल लावावी लागते. पेनड्राइव्हमधली गाणी फोल्डरप्रमाणे दिसायची, आता फक्त कलाकार, अल्बम आणि गाणं एवढेच तीन टॅब. आवाजाचा गोल नॉब गेला, काचेवर अधिक-वजा आले. एसीचा पंखा आणि हवा आत फिरवायचं बटण स्क्रीनच्या आत गेलं. इक्वलायझरमध्ये बास, मिड, ट्रेबल एवढंच उरलं. वेगाप्रमाणे आवाज आपोआप वाढायची सेटिंग सापडत नाही. ऑक्सचं भोक नाही, एएम रेडिओ नाही, आणि मोठ्या यूएसबीच्या जागी दोन्ही पोर्ट टाइप-सी.

किंमत वाढली आणि या सोयी गेल्या, याचा राग आहेच. पण रागापलीकडे मला नेमकं हवंय ते हे: यातलं काय वायर न कापता आणि वॉरंटी न घालवता परत मिळतं? ज्यांना माहीत आहे त्यांनी मॉडेलचं नाव न घेता लिहिलं तरी चालेल, सगळ्यांच्याच कामाला येईल.

हिंगणा_फोरमन

भाऊ, आधी या यादीचे तीन ढीग करा. पहिला ढीग म्हणजे पार्टच बसवलेला नाही: नॉब, ऑक्स, एएमचा ट्यूनर. दुसरा म्हणजे पार्ट आहे, पण सॉफ्टवेअरने दार लावलंय. बिनवायरचं अँड्रॉइड ऑटो बहुतेक वेळा इथे येतं, कारण त्याला लागणारं ब्लूटूथ आणि ५ गिगाहर्ट्झचं वायफाय मोठ्या युनिटमध्ये, म्हणजे स्क्रीन आणि त्यामागच्या कॉम्प्युटरमध्ये, सहसा असतंच. अनेक कंपन्यांत छोटा स्क्रीन एका पुरवठादाराचा असतो आणि मोठा दुसऱ्याचा. मोठ्यावर कंपनीचा स्वतःचा नकाशा आणि ई-सिमचा (गाडीत बसवलेल्या इंटरनेट सिमचा) पसारा चालतो, सॉफ्टवेअरच वेगळं असतं. म्हणून वरच्या मॉडेलला केबल आणि खालच्याला बिनवायर असा उलटा प्रकार दिसतो. तिसरा ढीग म्हणजे सोय आहे, पण मेन्यूत खोल पुरली आहे. वेगाप्रमाणे आवाज वाढायची सेटिंग ‘साउंड’मध्ये सापडली नाही तर ‘व्हेइकल’ किंवा ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये पाहा. काही ठिकाणी ती गाडी उभी असतानाच उघडते, चालत्या गाडीत ओळ पुसट दिसते आणि बोट लावलं तरी काही होत नाही.

कुठला ढीग हे ठरवायला सर्व्हिस सेंटरला विचारायचा प्रश्न असा: ‘माझ्या युनिटचा पार्ट नंबर काय, सॉफ्टवेअर आवृत्ती कोणती, आणि हीच सोय याच पार्ट नंबरवर दुसऱ्या व्हेरियंटला चालू आहे का?’ आवृत्ती सेटिंगमध्ये ‘सिस्टीम इन्फो’ला दिसते. आजच फोटो काढून ठेवा. अपडेट आला आणि त्याने आणखी काही काढलं तर मागे जाता येईलच असं नाही. फर्मवेअरवर कंपनीची डिजिटल सही असते आणि जुनी आवृत्ती चढवायची वाट बहुतेक युनिटांत बंद असते.

मनीषनगरकर

पेनड्राइव्हचं कोणीतरी नीट सांगा ना. ६४ जीबीची लावली तर ‘डिव्हाइस नॉट सपोर्टेड’ येतंय. जुन्या गाडीत हीच चालत होती. बाबांची सगळी भजनं त्यात आहेत, फोल्डर लावून ठेवलेली.

उमरेडरोड

ताई, भजनं जशीच्या तशी परत दिसतील, पण अर्धा तास कॉम्प्युटरवर द्यावा लागेल. सगळ्यात आधी पेनड्राइव्हची एक प्रत कॉम्प्युटरवर काढून ठेवा, कारण पुढच्या पायरीला ती कोरी होणार आहे.

न वाचण्याची कारणं ठरलेली आहेत. ३२ जीबीपेक्षा मोठी पेनड्राइव्ह विंडोजमध्ये फॉरमॅट केली की ती एक्सफॅट होते, आणि बरीच युनिटं फक्त फॅट३२ ही फाइली साठवायची जुनी पद्धत वाचतात. तुमच्या बाबतीत बहुतेक हेच आहे, जुनं युनिट एक्सफॅट वाचत असेल. दुसरं कारण पार्टिशनचा, म्हणजे पेनड्राइव्हच्या आतल्या विभागणीचा, प्रकार. पेनड्राइव्ह जीपीटी असेल तर फॉरमॅट बरोबर असूनही गाडीला ती दिसतच नाही, तिथे एमबीआर लागतं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या डिस्कच्या नावावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज, मग व्हॉल्यूम टॅब उघडला की पार्टिशन स्टाइल लिहिलेली दिसते.

सोपा मार्ग म्हणजे ३२ जीबीची नवी पेनड्राइव्ह घ्या आणि फॅट३२ करा. १९२ केबीपीएसचं पाच मिनिटांचं गाणं साधारण ७ एमबीचं होतं, म्हणजे ३२ जीबीत चार हजारांहून जास्त मावतात. ६४ चीच वापरायची असेल तर डिस्क मॅनेजमेंटमधून तिचं पहिलं पार्टिशन ३२ जीबीच्या आत करा. बहुतेक युनिटं पहिलंच पार्टिशन पाहतात. पोर्ट टाइप-सी असेल तर साधं कन्व्हर्टर चालतं, पण पोर्टवर फोनचं किंवा त्रिशुळासारखं चिन्ह आहे का ते पाहा. नुसतं बॅटरीचं किंवा विजेचं चिन्ह असलेला पोर्ट चार्जिंगपुरता असतो, त्यात डेटा जात नाही.

आता फोल्डर. युनिट फोल्डर दाखवत नाही, पण अल्बम दाखवतं. म्हणून प्रत्येक फोल्डरला अल्बम करून टाकायचं. कॉम्प्युटरवर एमपीथ्रीटॅग हा फुकट प्रोग्रॅम घ्या. एका फोल्डरमधल्या सगळ्या फाइली निवडा, डावीकडच्या चौकटीत ‘अल्बम’मध्ये फोल्डरचं नाव लिहा, समजा ‘०१ काकडा’. त्याच चौकटीत ‘अल्बम आर्टिस्ट’ला सगळ्यांना एकच शब्द द्या, जसं ‘भजन’. लोक इथेच फसतात. अल्बम आर्टिस्ट रिकामा राहिला तर युनिट गायकाप्रमाणे अल्बम फोडतं, आणि एका काकड्याचे सात अल्बम होतात. मग टूल्स मेन्यूतून ऑटो-नंबरिंग विझार्ड चालवा आणि नंबरांपुढे शून्य लावायचा पर्याय निवडा, नाहीतर काही युनिटांत १ नंतर १० येतं आणि २ मागे राहतं. सेव्ह करा. अल्बमच्या नावाआधी ०१, ०२ दिले की क्रमही तुमच्या मनासारखा राहतो.

मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील तर ऑप्शन्स, टॅग्ज, एमपेग इथे जाऊन लिहायचा प्रकार आयडी३ आवृत्ती २.३ आणि यूटीएफ-१६ ठेवा. तरीही जोडाक्षरं तुटून दिसली तर त्या युनिटच्या फाँटचीच मर्यादा आहे. तिथे अल्बमचं नाव रोमन लिपीत लिहिण्याशिवाय गत्यंतर नाही. गाण्यातलं चित्र दोन-तीन एमबीचं असेल तर यादी उघडायला वेळ लागतो, ५०० बाय ५०० पिक्सेलचं पुरे. आणि मॅकवरून कॉपी करत असाल तर टिंब आणि अधोरेखेने सुरू होणाऱ्या फाइली पुसा. गाडीत त्या गाणं म्हणून दिसतात आणि वाजत नाहीत.

एमपीथ्रीची पेटंटं २०१७ मध्ये संपली. त्यामुळे परवाना परवडत नाही हे कारण इथे पुढे करता येत नाही. फोल्डरची यादी काढणं हा निव्वळ सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचा निर्णय आहे, आणि म्हणूनच अपडेटमध्ये ती परत द्या अशी लेखी मागणी करण्यात अर्थ आहे.

गोरेवाडा

बिनवायरसाठी डोंगल (यूएसबी पोर्टला लावायची छोटी डबी) हा रस्ता आहे, पण एक अट समजून घ्या. डोंगल गाडीला सांगतो की ‘मी केबलने जोडलेला फोन आहे’ आणि फोनला सांगतो की ‘मी बिनवायरची गाडी आहे’. म्हणजे केबलचं अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले (आयफोनसाठीची तशीच सोय) गाडीत आधीच चालत असेल तरच त्याचा उपयोग. ज्या गाडीत दोन्ही नाहीत तिथे तो नुसता लुकलुकत बसेल.

लावायची पद्धत: आधी केबलने एकदा जोडून सगळं नीट चालतं का पाहा. मग फोनच्या ब्लूटूथमधून गाडी काढून टाका, गाडीतून फोन काढून टाका, अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंगमध्ये ‘पूर्वी जोडलेल्या गाड्या’ आहेत तिथून सगळ्या पुसा. आता डेटाच्या पोर्टला डोंगल लावा, फोनच्या ब्लूटूथमध्ये डोंगलचं नाव येईल तेच जोडा, गाडीचं नको. अँड्रॉइडला आवृत्ती ११ किंवा पुढची हवी आणि फोनमध्ये ५ गिगाहर्ट्झ वायफाय हवं. बॅटरी सेव्हर बंद, अँड्रॉइड ऑटो ॲपला बॅटरीची बंधनं काढून टाका, व्हीपीएन बंद. जोडणी अर्ध्यात तुटण्याची निम्मी कारणं या तीन सेटिंगमध्येच असतात.

साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ०.५ अँपिअर मिळतो. तुमचा डोंगल त्यापेक्षा जास्त ओढत असेल तर तो दर दहा-पंधरा मिनिटांनी स्वतःच बंद-चालू होतो, आणि माणूस फोनला दोष देतो. घेण्याआधी खोक्यावरचा आकडा वाचा. शिवाय चावी काढल्यावर पोर्टमध्ये वीज राहते का पाहा. राहत असेल तर घरात बसलेला फोन अंगणातल्या गाडीला जाऊन जोडला जातो आणि फोनवरचा आवाज गाडीत निघतो.

आता आपल्या उन्हाळ्याचं. आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा आणि बंद ठेवायचा असेल तर ४५ च्या आत ठेवा, असं ॲपलच सांगतं. नागपुरात मे महिन्यात बाहेरच ४५ असतात, उन्हात उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. अशात बिनवायरचं चार्जिंग, बिनवायरचा नकाशा आणि जीपीएस तिन्ही एकदम चालवले की फोन आधी चार्जिंग थांबवतो, मग स्क्रीन मंद करतो, मग नकाशा अडखळतो. एप्रिल ते जून केबलच वापरा आणि फोन एसीच्या झरोक्यापुढे ठेवा, चार्जिंगच्या बंद खोबणीत नको. केबल एक मीटरच्या आतली आणि डेटा नेणारी हवी. चार्जरसोबत आलेल्या पातळ लांब केबलीत बऱ्याचदा डेटाच्या तारा नसतात. ‘केबल लावली तरी काहीच येत नाही’ या तक्रारीत मी सगळ्यात आधी हेच तपासतो.

डोंगलही गाडीत सोडू नका. दुपारी उतरताना काढून खिशात टाका.

फुटाळा_काठ

पेनड्राइव्ह आणि डोंगल ठीक, पण मला एसीचं बटण जास्त महत्त्वाचं वाटतं. कोणीही आपल्या गाडीत मोजून पाहा, गाडी उभी करून. पंखा एक घर कमी करायला किती वेळा बोट लावावं लागतं? नकाशा चालू असेल तर होम, क्लायमेट, वजा, परत नकाशा: चार स्पर्श, आणि दर स्पर्शाला नजर रस्त्यावरून स्क्रीनवर. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पाच सेकंद म्हणजे ११० मीटर. समृद्धीवर १२० ला तेच १६६ मीटर होतात.

स्वीडनच्या ‘व्ही बिलॅगरे’ या मोटार मासिकाने २०२२ मध्ये ११० किलोमीटरच्या वेगात ही गोष्ट मोजली होती. रेडिओ लावणं, तापमान बदलणं अशी चार ठरलेली कामं, आणि चालकाला आधी सराव करू दिलेला. २००५ च्या व्होल्वो व्ही७० मध्ये, जिथे सगळी बटणं आहेत, १० सेकंद लागले. एमजी मार्व्हल आर या नव्या इलेक्ट्रिक गाडीत ४४.६ सेकंद. युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरोपातल्या संस्थेने तर २०२६ पासून इंडिकेटर, हॅझार्ड, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन कॉल यांना खरी बटणं असण्याला गुणांशी बांधलंय. त्या पाचांत एसी नाही याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडे मे महिन्यात एसी सोय म्हणून लागत नाही, गाडी शुद्धीत चालवायला लागतो.

आपल्या रस्त्यांवरचा खरा घोळ हवा आत फिरवण्याच्या बटणाचा आहे. कामठी रोडला समोर धूर ओकणारा ट्रक आला की ते बटण एका सेकंदात दाबायला हवं. पूर्वी अंगठ्याला त्याचा खड्डा कळायचा, नजर रस्त्यावरच राहायची. आता बोट पुढे न्यायचं, तेवढ्यात गाडी खड्ड्यात आदळते, बोट दोन सेंटिमीटर सरकतं आणि त्या बटणाऐवजी सीटचा मेन्यू उघडतो. घामाच्या बोटाला काच कधी दाद देते, कधी नाही.

यावर चालणारे उपाय:

स्टिअरिंगवर तारा किंवा रिकाम्या चौकोनाचं बटण असेल तर ते सेटिंगमधून नेमून देता येतं. बहुतेक जण तिथे रेडिओ किंवा फोन ठेवतात. यादीत एसीचा पर्याय असेल तर हवा आत फिरवणं तिथे नेमा. नसेल तर ‘क्लायमेट स्क्रीन’ नेमा, दोन स्पर्श वाचतात.

स्क्रीन दोन भागांत वाटता येत असेल तर उजवीकडची अरुंद पट्टी कायम क्लायमेटला द्या. नकाशा थोडा लहान होतो, पण पंखा एका स्पर्शावर येतो. आणि स्पर्श करताना हात हवेत ठेवू नका. बाकी बोटं स्क्रीनच्या खालच्या काठावर टेकवा आणि अंगठा किंवा तर्जनी वापरा, म्हणजे धक्क्याने नेम चुकत नाही.

तिसरं, ऑटो मोडवर विश्वास ठेवायला शिका. २४ किंवा २५ ला ठेवून ‘ऑटो’ दाबा आणि हात लावू नका. सुरुवातीला पंखा जोरात येतो म्हणून लोक लगेच हाताने कमी करतात आणि ऑटो तिथेच तुटतो. पाच-सात मिनिटं थांबलं की तो स्वतःच खाली येतो. उन्हातून काढलेल्या गाडीत मात्र पहिली दोन मिनिटं काचा खाली ठेवा, गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा लावून हवा आत फिरवा. काही गाड्या दर वेळी चालू करताना ही सेटिंग बाहेरच्या हवेवर परत नेतात, त्यामुळे एकदा नजर टाका. पावसाळ्यात उलट करायचं. काचेवर वाफ धरली की बाहेरची हवा आणि एसी दोन्ही चालू.

झिरोमाइल

फुटाळा भाऊ, पट्टी सापडली. होम स्क्रीनवर तीन बोटांनी डावीकडे सरकवलं की विभागणी येते. मॅन्युअलमध्ये हे पान १८० च्या पुढे होतं, शोरूममध्ये कोणी दाखवलं नाही. आता पंखा एका स्पर्शावर.

संत्राबर्फी

एवढं सगळं करण्यापेक्षा बाहेरचा अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेतला तर? नॉबवाले मिळतात, पंधरा-वीस हजारांत.

हिंगणा_फोरमन

जुन्या गाडीत जरूर बसवा. डबल-डिनचा खाचा असेल, १७८ बाय १०० मिलिमीटरचा, तर काम सरळ आहे. नव्या गाडीत मी नको म्हणेन, आणि का ते सांगतो.

स्क्रीन आता नुसता रेडिओ राहिलेला नाही. मागचा कॅमेरा, टायरचं प्रेशर, दारं आपोआप लॉक होण्याची सेटिंग, एसी हे सगळं कॅन-बसवरून (गाडीतल्या भागांना एकमेकांशी जोडणाऱ्या डेटाच्या तारांवरून) त्याच्याशी बोलतं. काही गाड्यांत इंडिकेटरची टिकटिक आणि पार्किंग सेन्सरचा बीपसुद्धा त्याच युनिटमधून निघतो. युनिट काढलं की आवाज गेला. पार्किंगचा इशारा आणि ८० आणि १२० ला वाजणारी वेगाची सूचना १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना सक्तीची आहे, ती मुकी करून गाडी चालवायची का, हा विचार करा. कॅन-बसचा डबा मिळतो, पण तो नेमक्या तुमच्या मॉडेलच्या आणि वर्षाच्या प्रोग्रॅमचा हवा.

तरीही कोणी बसवत असेल तर कपलरला कपलर जोडणारा हार्नेसच (वायरींचा तयार जुडगा) घ्या. दुकानदाराने पक्कड आणि टेप बाहेर काढली की काम थांबवा. एकदा मूळ हार्नेस कापला की विजेच्या कुठल्याही बिघाडावर सर्व्हिस सेंटर त्याकडेच बोट दाखवेल. जोडताना पिवळी वायर कायमच्या १२ व्होल्टला, लाल चावीच्या, काळी अर्थला. निळी वायर लोक सोडून देतात. छतावरच्या शार्कफिन अँटेनामध्ये छोटा ॲम्प्लिफायर असतो, त्याला वीज त्या निळ्या वायरीतून जाते. ती जोडली नाही तर गाडी शहराबाहेर निघाली की एफएम खरखरतं, आणि लोक नव्या स्टिरिओला शिव्या देतात.

लाल आणि पिवळी एकत्र पिळून जोडणारेही आहेत. त्याने स्टिरिओ कधीच झोपत नाही. मोजायला मल्टीमीटर १० अँपिअरवर ठेवा, बॅटरीची वजा वायर सोडवून मधे लावा, गाडी लॉक करा आणि अर्धा तास थांबा, म्हणजे बाकीचे मॉड्यूल झोपतात. ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा हवा. ३०० दिसला तर ४५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत अर्धी होते. चार दिवस लग्नाला बाहेरगावी जाऊन आलात की गाडी उठणार नाही. मल्टीमीटर लावलेला असताना इंजिन चालू करायचा विचारही करू नका, त्याचा फ्यूज त्याच क्षणी जातो.

आणि ऊन. गाडीसाठी बनवलेल्या चिपा तपासायची एईसी-क्यू१०० ही पद्धत आहे, त्यात ग्रेड ३ सुद्धा ८५ अंशांपर्यंत चालावी लागते. बाजारातल्या स्वस्त स्टिरिओत टॅबलेटच्या चिपा असतात. हिवाळ्यात छान चालतात, मे महिन्यात दुपारी स्वतःच बंद होतात.

उमरेडरोड

फोरमन दादांशी सहमत. त्यात एक भर: कंपनीच्या युनिटलाही आयुष्य असतं. टेस्लाने २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेत सव्वा लाखाहून जास्त गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या स्क्रीनमधली ८ जीबीची मेमरी सतत लिहून लिहून झिजली आणि मागचा कॅमेराही दिसेना, हे कारण होतं. सगळं एका स्क्रीनमध्ये कोंबलं की एक चिप गेल्यावर किती गोष्टी एकदम जातात ते यातून दिसतं.

मनीषनगरकर

एएम का काढलं पण? आकाशवाणी नागपूर मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्झला लागायचं. शेतीचे कार्यक्रम घरात सगळे ऐकायचे.

गोरेवाडा

इलेक्ट्रिक गाड्यांत मोटरला वीज पुरवणारा इन्व्हर्टर फार वेगाने चालू-बंद होतो आणि त्याचा गोंगाट नेमका एएमच्या पट्ट्यात पडतो. शील्डिंग करून थांबवता येतो, पण खर्च आहे. पेट्रोल गाड्यांतून मात्र बहुतेक पैसा वाचवायला काढलाय. फोर्डने २०२३ मध्ये अमेरिकेत एएम काढायचं ठरवलं आणि लोकांनी, लोकप्रतिनिधींनी विरोध केल्यावर त्याच वर्षी निर्णय मागे घेतला. म्हणजे बोललं तर ऐकतात. तोवर ताई, फोनवर आकाशवाणीचं ‘न्यूज ऑन एआयआर’ हे ॲप आहे, नेट असेल तिथे चालतं.

नेट नसेल तिथली गोष्ट नकाशालाही लागू. सिवनीच्या रस्त्याला देवलापारच्या पुढे पेंचच्या जंगलात रेंज जाते. गाडीतला स्वतःचा नकाशा काढून टाकलेल्या व्हेरियंटमध्ये तेव्हा स्क्रीन राखाडी होतो. घरून निघतानाच गूगल मॅप्समध्ये प्रोफाइलच्या चित्रावर, ऑफलाइन नकाशे, स्वतःचा नकाशा निवडा, आणि चौकट अशी ओढा की निघायचं आणि पोचायचं ठिकाण दोन्ही आत येतील. एक जरी बाहेर राहिलं तर रेंज नसताना रस्ता काढत नाही. काही स्वस्त व्हेरियंटांत नकाशाबरोबर जीपीएसची अँटेनाही काढलेली असते, तिथे फोन कन्सोलच्या डब्यात न ठेवता काचेजवळच्या स्टँडला लावा, पण उन्हाकडून आडोसा करून.

संत्राबर्फी

मग कायद्याने काही करता येतं का? ब्रोशरमध्ये बिनवायर लिहिलं होतं आणि डिलिव्हरीला केबल निघाली, असंही होतं.

फुटाळा_काठ

करता येतं, पण तीन वेगळ्या परिस्थिती आहेत. नव्या पिढीत सोय दिलीच नाही आणि ब्रोशरमध्येही लिहिली नाही, तर तक्रार टिकणार नाही. बुकिंगच्या वेळी लिहिली होती आणि डिलिव्हरीला नव्हती, तर तुमची बाजू भक्कम. विकल्यानंतर अपडेटने काढली, तरीही भक्कम. ‘वैशिष्ट्ये पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात’ ही ब्रोशरची बारीक ओळ ते दाखवतील, म्हणून बुकिंगच्या दिवसाचं ब्रोशर डाउनलोड करून ठेवा, वेबसाइटवरचं नंतर बदलतं. बुकिंग फॉर्मवर व्हेरियंटच्या नावापुढे ‘बिनवायर अँड्रॉइड ऑटोसह’ असं हाताने लिहून सेल्सवाल्याची सही घ्या. तो कचरत असेल तर तिथेच उत्तर मिळालं.

आधी डीलर आणि कंपनी दोघांना ईमेल. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही नाही झालं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोग. ५० लाखांपर्यंतची खरेदी तिथेच चालते आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कंपनीच्या गावी जावं लागत नाही. फी दिलेल्या किमतीवर: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १०००. मुदत दोन वर्षांची. राज्य आयोगाचं खंडपीठ नागपुरात बसतं, त्यामुळे अपिलालाही मुंबई गाठावी लागत नाही.

जगभर वारं त्याच दिशेने वाहतंय हेही ध्यानात घ्या. जनरल मोटर्सने २०२३ मध्ये पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांतून कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो दोन्ही काढणार असं जाहीर केलं. बीएमडब्ल्यूने काही देशांत गरम सीटसाठी महिन्याचे पैसे मागितले आणि लोकांच्या संतापानंतर २०२३ मध्ये तो प्रकार थांबवला. आपल्याकडे ई-सिमच्या सेवा पहिली काही वर्षं फुकट असतात. ती संपल्यावर कुठली सोय बंद पडणार, ते घेण्याआधी लेखी विचारा.

हिंगणा_फोरमन

घेण्याआधी शोरूममध्ये वीस मिनिटं बसा, टेस्ट ड्राइव्हच्या वेळेला धरून नाही, त्याशिवाय. स्वतःचा फोन, स्वतःची केबल आणि फॅट३२ ची पेनड्राइव्ह न्या. ज्या व्हेरियंटचे पैसे देणार आहात तोच उघडा, कारण डिस्प्लेला कायम टॉप मॉडेल उभं असतं. फोन बिनवायर जोडा, बंद करा, दार उघडून लावा आणि पुन्हा आपोआप जोडला जातो का पाहा. नकाशा चालू ठेवून पंखा बदला आणि स्पर्श मोजा. रिव्हर्स टाका, कॅमेरा किती सेकंदात येतो ते पाहा, आणि इंजिन नुकतंच चालू केलेलं असताना पुन्हा पाहा, तेव्हा युनिट सुरू होत असतं आणि उशीर तिथेच कळतो. जमलं तर दुपारी दोनला, बाहेर उन्हात उभ्या असलेल्या डेमो गाडीत. काचेवर ऊन पडल्यावर स्क्रीन वाचता येतो का, तापल्यावर मंद होतो का, हे एसीच्या शोरूममध्ये कधीच दिसणार नाही.

मनीषनगरकर

उमरेडरोड काका, ३२ जीबीची घेतली, अल्बम आर्टिस्टला सगळीकडे ‘भजन’ टाकलं. ०१ काकडा ते १४ भैरवी, सगळे क्रमाने आले. फक्त नववा अल्बम दोनदा दिसतोय, दोन्हींत अर्धी-अर्धी गाणी.

उमरेडरोड

ताई, नवव्याच्या काही फाइलींत अल्बमच्या नावाच्या शेवटी एक स्पेस जास्त पडली असेल. डोळ्याला दिसत नाही, युनिटला ते वेगळं नाव वाटतं. फक्त नवव्याच्या सगळ्या फाइली निवडून अल्बमचं नाव पुसा, नव्याने लिहा, सेव्ह करा.